मागचा टायर रुंद केला की गाडी घसरायची थांबते का?

प्रश्न थोडक्यात: आंबेगावात राहणाऱ्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाकडे 2019ची सिंगल डिस्क (फक्त पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली) पल्सर 150 आहे. रोज जाऊन-येऊन पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर होतात. मागचा टायर कंपनीतून आलेलाच, माप 100/90-17, आणि त्यावर 31,000 किलोमीटर झालेत. मधली काही वर्षं काम घरूनच होतं म्हणून एवढेच. जूनमधल्या पहिल्या पावसात नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, यांनी पायाचा ब्रेक दाबला आणि गाडीचं मागचं अंग आडवं झालं. पडले नाहीत. टायर बारीक होता म्हणून घसरलो, असं त्यांचं म्हणणं. पण मागे बसलेल्या पत्नीने तेव्हापासून पावसात डबलसीट यायचं बंद केलंय. आता टायर बदलायचा आहे. नाना पेठेतला दुकानदार म्हणतो, "120/80 टाका, डबल डिस्कला कंपनीच देते, ग्रिप वाढेल." ऑफिसमधला मित्र म्हणतो, महाग पडला तरी मऊ रबराचा परदेशी कंपनीचा घे. वडील म्हणतात, एकतीस हजार चालला तोच परत आण. साध्या टायरचा भाव 2,400 सांगितलाय, मित्राने सुचवलेल्याचा 3,600. जाता जाता हेही लिहिलंय की पंपावर ते मागच्या चाकात हवा चाळीस भरून घेतात, "म्हणजे ॲव्हरेजही पडतं आणि टायरही कमी घासतो." टिकाऊपणा घ्यावा की पकड, असा त्यांचा सवाल आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रात टायरबद्दल दीड पान आहे आणि हवेबद्दल एक ओळ. मी त्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण टायर कुठलाही घेतलात तरी ती सवय त्याच्यासोबत येणार आहे.

तुमच्या गाडीला मागे एकट्यासाठी 28 आणि डबलसीटला 32 एवढीच हवा लागते. गाडीच्या पुस्तकात ते छापलेलं असतं. चाळीस भरली की काय होतं, याचा ढोबळ हिशेब असा. तुम्ही एकटे बसलात की मागच्या चाकावर गाडीचा आणि तुमचा मिळून साधारण 120 किलो भार येतो. 28 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं पंपावरचं माप) म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास दोन किलो. म्हणजे तो भार पेलायला टायरचा साठेक चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो. तोच भार चाळीसच्या हवेवर पेलायला त्रेचाळीस चौरस सेंटिमीटर पुरतात. टायरची कड थोडी ताठ असते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे इतके काटेकोर राहत नाहीत, पण दिशा हीच. तुम्ही स्वतःच्या हाताने रस्त्यावर टेकणाऱ्या रबरातला पाव ते एक तृतीयांश भाग उचलून ठेवला होता. वर टायर मधोमध फुगून तेवढाच पट्टा घासत राहतो. कमी झिजतो असं तुम्हाला वाटतं, कारण कडेची नक्षी अजून ताजी दिसते. मधला पट्टा हाताने चाचपून बघा.

ॲव्हरेज थोडं वाढत असेल, नाही असं नाही. पण तेवढ्यासाठी हे परवडत नाही.

आता त्या एकतीस हजारांबद्दल. वडिलांचा तर्क समजतो. ज्या पिढीने झिजलेल्या टायरला सोल चढवून, म्हणजे वरून नवं रबर बसवून वापरला, तिला एखादा टायर एवढा चालला म्हणजे पैसे फिटले असंच वाटणार. पण किती चालला आणि किती धरून चालला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टायरच्या नाळीत, म्हणजे नक्षीतल्या खोबणीत, तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात आणि कडेला त्यांच्या रेषेत टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा बारीक त्रिकोण कोरलेला असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. तुमचा तिथे कधी पोचला, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं बघितलेलंच नाही. शिवाय रबर नुसतं उभं राहूनही कडक होतं. ऊन, हवा आणि वेळ आपलं काम करतात. लॉकडाउनच्या काळात तुमची गाडी पार्किंगमध्ये होती तेव्हा किलोमीटर थांबले होते, टायरचं वय थांबलं नव्हतं. म्हणजे त्या उतारावर तुमच्या मागच्या चाकाला होता तो झिजलेला, निबर झालेला आणि चाळीसला फुगवलेला टायर. रस्त्यावर पहिल्या पावसाने वर आणलेलं तेल आणि धूळ. आणि तुम्ही दाबलात पायाचा ब्रेक.

ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो आणि मागचं चाक हलकं होतं. उतारावर तर आणखीच. हलकं झालेलं चाक लवकर लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबतं, आणि लॉक झालेलं चाक सरळ राहायला बांधील नसतं. तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ते पुढच्या चाकाला आहे. मागचा ड्रम ब्रेक तुमच्या पायाच्या अंदाजावर चालतो. त्या जागी 120 असता, 140 असता, तरी लॉक झालेलं चाक सरकलंच असतं. म्हणून "टायर बारीक होता म्हणून घसरलो" या वाक्यावर मला थांबायचंय. तुमचा सगळा प्रश्न त्याच्यावर उभा आहे.

रुंद टायरची पकड जास्त, हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते तपासावंसं कुणाला वाटत नाही. मघाचाच हिशेब पुढे न्या. भार तोच, हवा तेवढीच, तर रस्त्याला टेकणारा भागही जवळपास तेवढाच. फक्त त्याचा आकार बदलतो: बारीक टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आडवा. जोरात वळणं घेणाऱ्या, ताकदवान गाड्यांना रुंदीचा उपयोग होतो, कारण तिथे रबर तापतं, कडेला झुकल्यावर टेकायला जागा लागते आणि इंजिनाचा जोर रस्त्यावर उतरवायचा असतो. दीडशे सीसीची गाडी वारज्यापासून चांदणी चौकापर्यंतच्या गर्दीत यातलं काहीही करत नाही. उलट ओल्या रस्त्यावर आडव्या ठशाला जास्त रुंदीचं पाणी बाजूला सारावं लागतं.

दुकानदाराचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. तो खरं बोलतोय: 2018मध्ये आलेल्या डबल डिस्क पल्सर 150ला मागे 120/80-17 हेच माप आहे. फक्त त्याने अर्धीच गोष्ट सांगितली. त्या मॉडेलला पुढचा टायरही 90/90 केला, पुढचे फोर्क (पुढच्या चाकाला धरणारे दोन दांडे) 31ऐवजी 37 मिलिमीटरचे दिले आणि दोन चाकांमधलं अंतर 1,320 वरून 1,345 मिलिमीटर केलं. कंपनीने मागचं चाक रुंद केलं तेव्हा गाडीचं पुढचं अंगही त्याला जुळवून घेतलं. तुम्ही नुसता टायर उचलून आणलात तर पुढचं सगळं जुनंच राहतं. गाडी वळायला जड लागते आणि पुढचं चाक नेमकं काय करतंय याचा हाताला अंदाज कमी येतो.

मापाचे आकडेही एकदा वाचायला शिका, म्हणजे पुढे कुणी काही गळ्यात मारायला आलं तर उत्तर देता येईल. 100 ही रुंदी मिलिमीटरमध्ये. 90 म्हणजे कडेची उंची रुंदीच्या नव्वद टक्के, म्हणजे 90 मिलिमीटर. 17 हा रिमचा व्यास इंचात. यावरून पूर्ण चाकाचा व्यास येतो सुमारे 612 मिलिमीटर. 120/80-17चा येतो 624. म्हणजे चाक सगळीकडून सहा मिलिमीटरने वाढतं, प्रत्येक फेरीत गाडी दोन टक्के पुढे जाते आणि तेवढा पिकअप मरतो. दोन टक्के तुम्हाला कदाचित जाणवणार नाहीत, सिंहगडाच्या घाटात डबलसीट जाणवतील. रुंदीने वीस मिलिमीटर वाढलेला टायर चेनच्या आणि मडगार्डच्या जवळ जातो, तो वेगळाच ताप.

खरी अडचण रिमची आहे. रिमवर त्याची रुंदी कोरलेली असते, 2.15, 2.50, 2.75 अशी, इंचात. प्रत्येक टायर कुठल्या रुंदीच्या रिमसाठी आहे हे कंपनीच्या तक्त्यात असतं. बारीक रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि टायर मधोमध टोकदार होतो. बघणाऱ्याला टायर जाड दिसतो, सरळ चालताना रस्त्याला मात्र मधली चिंचोळी पट्टीच टेकते. सिग्नलला शेजारी उभा राहणारा कौतुक करेल, एवढाच फायदा. हा दिखाऊपणा पुण्यात फार आहे. रुंद टायर म्हणजे मोठी गाडी, असं आपल्याकडे ठरूनच गेलंय.

मापापुढचे आकडे मात्र कुणी वाचत नाही. तुमच्या मापाच्या टायरवर बहुतेक 55P लिहिलेलं असेल. 55 म्हणजे त्या टायरची भार पेलायची मर्यादा 218 किलो, P म्हणजे वेगाची मर्यादा ताशी 150 किलोमीटर. तुम्ही दोघं आणि एखादी बॅग असा विचार केला तरी मागच्या चाकावर 190च्या पुढे सहसा जाणार नाही. तेव्हा 100/90 भार पेलायला कमी पडतो, ही शंकाही मनातून काढून टाका. फक्त नव्या टायरवर यापेक्षा कमी आकडा किंवा P च्या आधीचं अक्षर असेल तर तो घेऊ नका.

म्हणजे माप तेच राहिलं. आता तुमचा मूळ सवाल.

टिकाऊपणा आणि पकड यांची ओढाताण खरी आहे. खोडरबरासारखं आहे हे: मऊ खोडरबर छान खोडतं आणि लवकर संपतं, कडक खोडरबर वर्षभर टिकतं आणि कागद काळा करतं. कंपन्यांनी यावर उपाय शोधलेत. रबरात सिलिका घातली की ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते. काही टायरमध्ये मधला पट्टा कडक आणि कडा मऊ असतात, सरळ चालताना टिकावा आणि वळताना धरावा म्हणून. पण कारच्या टायरला काही देशांत ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा दर्जा छापलेला असतो, तसा दुचाकीच्या टायरवर नसतो. त्यामुळे तुम्हाला विचारूनच घ्यावं लागणार.

मित्राच्या आणि वडिलांच्या टायरमधला फरक पैशांत मांडून बघू. साधा 2,400चा टायर योग्य हवेवर पंचवीस हजार चालला असं धरा. किलोमीटरला साडेनऊ पैसे. मऊ 3,600चा सोळा हजार चालला असं धरा, साडेबावीस पैसे. रोजच्या अठ्ठेचाळीस किलोमीटरला फरक सव्वासहा रुपये. तेवढ्याच अंतरात शंभर रुपयांच्या वर पेट्रोल जळतं. सव्वासहा रुपयांत आता हिंजवडीत चहासुद्धा मिळत नाही. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले तर दीड हजाराचा फरक. ही रक्कम नगण्य आहे असं मी म्हणणार नाही, पण "महाग टायर परवडत नाही" म्हणताना डोळ्यांसमोर दुकानातला 3,600चा आकडा येतो, हा नाही.

मग मी मित्राच्या बाजूने आहे का? नाही, आणि त्याचं कारण तुमचा स्वभाव आहे. राग मानू नका. 2,400चा टायर तुम्ही एकतीस हजारांपर्यंत ओढलात. 3,600 दिले म्हणजे तो सोळा हजारांवर तुम्ही आनंदाने काढून टाकाल, यावर माझा विश्वास नाही. "एवढे पैसे घातलेत, अजून एक पावसाळा काढेल" असं म्हणून तो बावीस हजारांपर्यंत न्याल, आणि शेवटचे सहा हजार किलोमीटर त्या महाग टायरची पकड वडिलांच्या नव्या साध्या टायरपेक्षा वाईट असेल. म्हणून वेळ आल्यावर हळहळ न वाटता जो काढून टाकाल, तो टायर घ्या. तुमच्या बाबतीत तो 100/90-17 याच मापातला, नेहमीच्या कंपन्यांपैकी कुणाचाही, पण त्यांच्या सगळ्यात कडक रोजवापराच्या टायरपेक्षा एक पायरी वरचा. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, मिशेलिन यांच्यापैकी कुणाचा, याबद्दल माझा हट्ट नाही. दुकानात विचारा, "याच मापात पावसासाठी कुठला?" आणि मधून बाहेरच्या कडेपर्यंत जाणाऱ्या मोकळ्या नाळी आहेत का ते बघा, पाणी तिथूनच निघतं. मोठमोठ्या बटणांचा टायर मातीसाठी असतो. ओल्या सिमेंट रस्त्यावर तो तुमच्या कामाचा नाही. आणि सोल चढवलेला, म्हणजे रिमोल्ड, फुकट दिला तरी नको.

तुमचा प्रवास वेगळा असता तर मी वेगळं सांगितलं असतं. दर शनिवार-रविवार ताम्हिणी किंवा वरंध घाटात वळणं घेणाऱ्याने मऊ कडांच्या टायरवर पैसे घालावेत. त्याला ते फिटतात. पेठांमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर फिरणाऱ्याचा टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो, त्याने टिकाऊपणाचा विचारच करू नये. दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्याने कडक टायर घ्यावा, पण दर महिन्याला टीडब्ल्यूआय बघावं. केटीएम ड्यूकसारख्या गाडीला मागे 150/60चा रेडियल (आतले धागे साध्या, म्हणजे बायस टायरपेक्षा वेगळ्या पद्धतीने बसवलेला) येतो. तिथे रेडियलच्या जागी साधा बायस टायर बसवून पैसे वाचवायचे नाहीत.

दुकानात गेल्यावर सगळ्यात आधी टायरच्या कडेवरची तारीख वाचा. एका लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. 2324 म्हणजे 2024चा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षभराचा चालेल. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर "एकदम नवा आहे साहेब" म्हणून दाखवला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. नाना पेठेत दुकानांना तोटा नाही. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवीन टाकून घ्या. शंभर रुपयांच्या आतलं काम आहे आणि हळूहळू हवा जाण्याची निम्मी दुखणी तिथेच असतात. कडेवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, हे स्वतः बघा. टायर उलटा बसवला की नक्षी पाणी बाहेर काढण्याऐवजी आत ओढते, आणि घाईच्या वेळी ही चूक होते. चाक परत बसवताना चेनचा ताण आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का तेही पाहून घ्या, नाहीतर चाक तिरकं राहून नवा टायर एका बाजूने खाल्ला जातो.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना राहिलेला गुळगुळीतपणा असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि तिरकी वळणं नकोत. शक्यतो कोरड्या आठवड्यात बसवा. पावसाळ्यातच बसवणं भाग पडलं तर पांढऱ्या पट्ट्यांवरून, चेंबरच्या झाकणांवरून आणि मेट्रोच्या खांबांखालच्या लोखंडी प्लेटांवरून जाताना ब्रेकला हात-पाय लावू नका. तिथे जुनाही घसरतो, नवा तर नक्कीच.

हवा सकाळी निघताना, टायर थंड असताना भरा. गाडी चालवल्यानंतरचं मोजमाप तीन-चार पीएसआयने जास्त येतं आणि माणूस हवा कमी करून बसतो. पंपावरच्या मीटरचा मला भरवसा नाही. दोन-तीनशेचं मीटर डिकीत किंवा बॅगेत ठेवा. पावसात 32 वरून 22 करायची, म्हणजे टायर चिकटतो, असा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. ऐकू नका. कमी हवेवर नाळी आवळल्या जातात, पाणी निघत नाही आणि खड्ड्यात रिम वाकते.

उतारावर दोन्ही ब्रेक एकदम वापरायची सवय मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर करून घ्या: पुढचा हळूहळू वाढवत, मागचा नुसता टेकवून, आणि गिअर एक खाली. तुमच्या पत्नीचा प्रश्न टायरच्या रुंदीने सुटणार नाही. त्या घाबरल्या ते चाक सरकलं म्हणून, आणि त्यांना मागे बसून तुमचा पाय दिसत नव्हता. आधी एकट्याने पावसात थोडे दिवस चालवा, मग त्यांना विचारा. तरी नको म्हणाल्या तर पावसाळ्याचे चार महिने बस आहे, त्यात कमीपणा नाही.

आणि एक राहिलं. पत्रभर तुम्ही मागच्या टायरबद्दल लिहिलंत. पुढचाही 2019चाच असणार. त्याची नक्षी उरलेली असेल, कारण पुढचा सावकाश झिजतो, पण रबर तेवढंच जुनं झालंय, आणि गाडी थांबवण्याचं जास्त काम तोच करतो. दोन्ही एकदम बदलणं जमत असेल तर बदला, दोघांच्या रबरात फार तफावत राहत नाही. एकच जमत असेल तर आधी मागचा, कारण तो संपलाय. मित्राचा टायर न घेतल्याने जे काही पैसे वाचतील, ते पुढच्यासाठी बाजूला ठेवा आणि पुढच्या जूनच्या आधी तो कंपनीने दिलेल्या मापातच बदलून टाका.